दहा दिवसांचं ऊन

“दहा दिवस ऊन दिलं बघा. तुम्ही फोनवर सांगितलं होतं तसंच,” शालनकाकी म्हणाल्या आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली ती कॅसेट माझ्या हातात न देता त्यांनी टीव्हीवर ठेवली. “सकाळी नऊला गच्चीवर न्यायची, चारला खाली आणायची. वरचं झाकण काढून. कुरडयांच्या शेजारी.”

“उत्तम,” मी म्हणालो. तज्ज्ञ माणसानं म्हणावं तसं म्हणालो.

एप्रिलचा तिसरा आठवडा होता. पुण्याहून सातारा आणि साताऱ्याहून कोरेगाव असा दोन एसट्या बदलून मी साडेअकराला त्यांच्या दारात उभा राहिलो होतो. पाठीवरच्या पिशवीत माझं ‘खेळिया’ होतं, टॉवेलात गुंडाळलेलं. ऊन मी म्हणत होतं आणि मी अगदी लग्नाला आल्यासारखा खूश होतो.

‘खेळिया’ म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण ते कुणालाच माहीत नसतं. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साली साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत टीव्ही जोडणारा एक छोटासा कारखाना होता. तिथल्या मालकाच्या डोक्यात आलं की परदेशातल्यासारखा व्हिडिओ गेम आपणही काढावा. तपकिरी प्लास्टिकचं खोकं, दोन दांडे आणि वर कॅसेट खोचायला फट. लगोरी, विटीदांडू, पतंग, भोवरा अशा सात कॅसेटी निघाल्या. काही शे यंत्रं खपली असतील नसतील, कारखान्याला टाळं लागलं आणि लोक खेळियाला विसरून गेले. मी विसरलो नाही, कारण नववीत असताना ते मामाकडे होतं आणि मला फक्त दिवाळीत हात लावायला मिळायचं.

मोठा झाल्यावर सहा वर्षं खपून मी सातही कॅसेटी जमवल्या. एक बारामतीच्या भंगारवाल्याकडे, एक सांगलीतल्या डॉक्टरांच्या माळ्यावर, अशा. आमच्या घरात एका खोक्याला स्वतःचं कपाट आहे आणि मिक्सर मात्र ओट्याखाली राहतो, असं मृदुला, माझी बायको, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. माझं लक्ष आठव्या कॅसेटवर होतं. कारखाना बंद पडण्याआधी ‘आट्यापाट्या’ नावाचा खेळ तयार झाला होता म्हणे, पण दुकानात आलाच नाही. तो कुणी पाहिल्याचं मला एकही माणूस सांगत नव्हता.

शेवटी साताऱ्याच्या एका दैनिकात मी छोटी जाहिरात दिली. आठ दिवसांत पोस्टकार्ड आलं. ‘आमचे हे कै. दिनकर निकम त्या कारखान्यात होते. आट्यापाट्या त्यांनीच केला. कॅसेट माझ्याजवळ आहे. यंत्र नसल्यामुळे आम्ही कुणी पाहिलेली नाही. तुम्ही यंत्र आणत असाल तर यावे. सौ.’ पुढे ‘सौ.’ खोडून नुसतं ‘शालन निकम’ लिहिलं होतं.

मी तडक फोन केला. कॅसेट ठीक आहे का, हा पहिला प्रश्न. त्या म्हणाल्या, ट्रंकेत होती, पावसाळ्यात ओल धरली, आत पांढरी बुरशी दिसते. आता आपल्याकडे डाळीला पोरकिडे होवोत की गादीला वास येवो, उपाय एकच. मी म्हणालो, “झाकण उघडून दहा दिवस कडक ऊन दाखवा.” पलीकडे त्या जराशा थांबल्या होत्या. “उन्हानं काही होणार नाही ना?” असं त्यांनी विचारलंही. मी हसलो. सात कॅसेटी उघडून पाहिलेला माणूस मी. सातांच्याही पोटात काळी, बंद चिप होती. वर्षभर उन्हात ठेवा, तिला काही होत नाही. “काकी, निर्धास्त ठेवा,” मी म्हणालो.

तर मी आता निर्धास्त बसलो होतो. पन्हं आलं. काकी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, साठीच्या आतबाहेर, बारीक, ताठ चालणाऱ्या. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, सगळं लख्ख.

“आता लावूनच बघू का?” मी पिशवीकडे हात नेला.

“नाही हं. आधी बघायचं नाही. पाचला सगळी येणार आहेत. भाऊजी, जाऊबाई, समोरच्या पवारबाई, त्यांचे मिस्टर. सगळ्यांच्या समोर लावायची.” त्यांनी कपाट उघडलं. “तोवर ह्यांची वही बघा.”

दोनशे पानी वही, चौकटीच्या कागदाची. पानापानांवर चौकोन रंगवून माणसं काढली होती. धावणारा माणूस, हात पसरून पाटी, म्हणजे मैदानावरची आडवी रेघ, अडवणारा माणूस, हुलकावणी देताना एका पायावर झुकलेला माणूस. प्रत्येकाखाली आकड्यांच्या रांगा. माझ्या अंगावर काटा आला. असं काही आपल्या देशात, साताऱ्यात, कुणीतरी पेन्सिलीनं चौकोन भरून केलं होतं, याचा अभिमान वाटला. मी पानं उलटत गेलो आणि मागच्या बाजूच्या एका पानावर थांबलो. तिथं रोजनिशीसारखी टिपणं होती.

‘चिप पुसली. पुन्हा भरली. आता चौथी पाटी नीट दिसते.’

खाली चार दिवसांनी, ‘पुसली, भरली. सूरपाटीवरचा गडी अडकतो.’

मी ते वाक्य तीनदा वाचलं. माझ्या हातातला पन्ह्याचा पेला मी हळूच खाली ठेवला.

कारखान्यात शेकड्यानं भरल्या जातात त्या काळ्या चिपा पुसता येत नाहीत. पुसता येते ती दुसरी. खेळ अजून तयार होत असताना वापरायची. तिच्या पाठीवर नखाएवढी काचेची खिडकी असते. त्या खिडकीतून जांभळ्या दिव्याचा तीव्र प्रकाश आत सोडला की अर्ध्या तासात आतलं सगळं पुसलं जातं, चिप कोरी होते. आणि तोच प्रकाश थोड्या प्रमाणात उन्हातही असतो. दिव्याला अर्धा तास लागतो. उन्हाला साधारण आठवडा.

आट्यापाट्या दुकानात कधी आलाच नाही. म्हणजे तो काळ्या चिपेवर कधी चढलाच नव्हता. जगात त्याची एकच प्रत होती, ती खिडकीवाल्या चिपेत होती, आणि मी पुण्यात पंख्याखाली बसून फोनवर सांगितलं होतं, दहा दिवस. झाकण उघडून.

“काय झालं? पन्हं गोड कमी आहे का?” काकींनी विचारलं.

“नाही, छान आहे,” मी म्हणालो.

जेवायला भरलं वांगं आणि ज्वारीची भाकरी होती. एरवी मी तीन भाकऱ्या हाणल्या असत्या. पहिलाच घास तोंडात फिरत राहिला. तेवढ्यात हणमंतराव आले. काकींचे धाकटे दीर, एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त झाले तरी आवाज स्टँडवरचाच. पाचला यायचे ते दीडलाच आले होते.

“तुम्हीच का ते पुण्याचे? एवढ्या लांबनं आलासा, त्या कॅसेटीपायी?”

“हो.”

“आमचा दादाबी त्याच्यापायीच गेला म्हणायचा,” ते पाट ओढून बसत म्हणाले. “गेला म्हंजी तसा न्हाई. तसा हार्टनं गेला, पाच वर्सामागं. पर शाऐंशी साली कारखाना बंद पडला, मी आमच्या डेपोत शब्द टाकला, वर्कशॉपात इलेक्ट्रिशनची जागा हुती. पक्की. पेन्शनची. तर म्हनला, मला दोन महिनं दे, माझा खेळ पुरा व्हायचाय. कारखाना न्हाई, यंत्र न्हाई, आन खेळ पुरा करतोय! जागा गेली. मग जलमभर रेडू दुरुस्त करत बसला. आन वैनींचा पगार हुता म्हणून चाललं.”

“भाऊजी, जेवताय का थोडं?” काकींनी विचारलं.

“जेवून आलोय. मी म्हणायचो, दादा, काय केलंयस ते दावशील का न्हाई? तर म्हणायचा, यंत्र मिळालं की दावतो. बावीस वर्सं झाली. आज दिसंल म्हनं.” ते माझ्याकडे बघून हसले. वाईट मनाचा माणूस नव्हता, पण बावीस वर्षं एकच गोष्ट सांगून सांगून ती त्यांना पाठ झाली होती.

“दिसेल की,” काकी म्हणाल्या. “ह्या वेलणकरसाहेबांनी सांगितलं तसं दहा दिवस ऊन दिलंय. सगळं त्यांच्या सांगण्याप्रमाणे केलंय.”

मी भाकरी ताटात ठेवली आणि तांब्याभर पाणी प्यालो.

दुपारी मला बाहेरच्या खोलीत चटईवर आडवं व्हायला सांगितलं गेलं. हणमंतराव पाचला परत येतो म्हणून घरी गेले. कॅसेट टीव्हीवर फडक्यात होती आणि काकी बरोबर तिच्या समोर तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यामुळे गुपचूप उघडून बघायचीही सोय नव्हती. मी डोळे मिटून पडलो आणि आयुष्यात केला नव्हता एवढा विचार केला.

मला स्वतःच्या संग्रहाचं वाईट वाटत होतं का? खरं सांगतो, पहिली पंधरा मिनिटं तेवढंच वाटत होतं. आठवी गेली, आपल्याच हातानं गेली. पण मग हणमंतरावांचा चेहरा डोळ्यासमोर येऊ लागला. पाच वाजता कोरा पडदा दिसणार. ते हसणारही नाहीत कदाचित, नुसते मान हलवतील. आणि ही बाई, जिनं नवऱ्याच्या बाजूनं बावीस वर्षं एकटीनं खिंड लढवली, ती पाच माणसांसमोर खोटी पडणार. माझ्या शहाणपणामुळे.

मग मला एक नामी युक्ती सुचली. मी उठलो, पिशवीतनं यंत्र काढल्यासारखं केलं आणि त्याचा अ‍ॅडॅप्टर हळूच पँटच्या खिशात सारला.

“अरेरे,” मी म्हणालो.

“काय झालं?”

“काकी, घोटाळा झाला. अ‍ॅडॅप्टर पुण्यातच राहिला. त्याच्याशिवाय यंत्र चालणार नाही. असं करतो, कॅसेट घेऊन जातो, नीट तपासतो आणि पुढच्या रविवारी…”

काकींनी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. “काळा, चौकोनी, मागे लांब वायर? तो मघाशी तुम्ही पिशवीतनं काढून खुर्चीवर ठेवला होता. मी बघितला.”

मी उभा होतो. खिसा विटेएवढा फुगला होता आणि वायरचं टोक बाहेर लोंबत होतं. चाळिशीकडे झुकलेला, तंत्रनिकेतनात मुलांना शिकवणारा माणूस मी. माझे कान गरम झाले.

काकी सूप उचलून स्वयंपाकघरात गेल्या. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. भिंतीवर चार वाजायला दहा मिनिटं होती. मी अ‍ॅडॅप्टर खिशातून काढला, खुर्चीवर ठेवला आणि त्यांच्या मागे गेलो.

“काकी, मला तुम्हाला एक सांगायचंय. आधी ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला.”

मी सगळं सांगितलं. दोन प्रकारच्या चिपा, काचेची खिडकी, जांभळा दिवा, ऊन. दिनकररावांच्या वहीतलं वाक्य. मला हे आधी विचारता आलं असतं, फोनवर एकदा विचारलं असतं की काळी आहे का काचेची, तर पुढचं काहीच झालं नसतं, हेही सांगितलं. “तुम्ही विचारलंही होतं, उन्हानं काही होईल का. आणि मी हसलो. मला माहीत नव्हतं, काकी, आणि मी माहीत असल्यासारखं सांगितलं. कॅसेट कोरी झालेली असणार. माझ्यामुळे. पाचला सगळे आले की मी स्वतः त्यांना हे सांगेन. तुमचा किंवा दिनकररावांचा यात काही दोष नाही.”

चहा उतू जायला आला तशी त्यांनी गॅस बारीक केला. मग बंदच केला. ओट्याला टेकून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, बराच वेळ. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. काहीतरी मनाशी चाललं होतं, हो-नाही, हो-नाही असं.

“सगळ्यांसमोर सांगाल?” त्यांनी विचारलं.

“सांगेन.”

“भाऊजींसमोर?”

“त्यांच्यासमोर आधी.”

मग त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि फळीवरच्या डब्यातून स्क्रू ड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला.

“उघडा,” त्या म्हणाल्या.

“आता उघडून काय…”

“उघडा तर.”

बाहेरच्या खोलीत जाऊन मी फडकं सोडलं. तपकिरी कॅसेट, वर काही छापलेलं नव्हतं, नुसतं बॉलपेननं ‘आ. पा.’ लिहिलेलं. चार स्क्रू. एक स्क्रू घाईत हातातून निसटून पलंगाखाली गेला. झाकण निघालं. आत सर्किटची हिरवी पट्टी, बुरशीचा मागमूस नाही, ऊन खाऊन सगळं कोरडं ठणठणीत. मधोमध ती चिप होती, मला हवी त्याच जातीची आणि नको त्याच जातीची.

तिच्या पाठीवर बरोबर मध्यभागी, मखमलीची, मरून रंगाची टिकली लावलेली होती.

मी बघतच राहिलो. टिकली चांगली रुपयाएवढी होती. काचेची खिडकी तिच्याखाली कुठल्या कुठे गेली होती.

“आधी ह्यांनी कागदाची चिकटपट्टी लावली होती,” काकी माझ्या खांद्यामागून म्हणाल्या. “तिचा डिंक वाळला की ती निघायची. मग हे दुसरी लावायचे. मला म्हणायचे, शालन, हा डोळा आहे. ह्याला ऊन लागलं की ह्याला काही आठवत नाही. ते गेले त्या वर्षी पट्टी पुन्हा निघाली. घरात माझ्या टिकल्यांचं नवं पाकीट होतं, मरूनचं. आता ते कुठं लावणार? इथं लावली. जुनी झाली की बदलते.”

“म्हणजे तुम्ही ऊन दिलंत ते…”

“टिकलीसकट दिलं. वास येत होता तिला, कुबट. तुमचं तेवढं बरोबर होतं.”

मी खाली बसलो. चक्क फरशीवर. हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. छातीवर दुपारपासून कुणीतरी बसलं होतं ते उठून गेलं. “काकी, तुम्हाला माहीत होतं तर फोनवर का नाही बोललात मला? मी काय वाटेल ते बरळत होतो.”

“तुम्ही निर्धास्त म्हणालात ना,” त्या म्हणाल्या आणि चहा गाळायला गेल्या. मी पलंगाखालचा स्क्रू शोधू लागलो. वेड लागल्यासारखा आनंद झाला होता मला.

पाचला सगळे आले. हणमंतराव इस्त्रीच्या सदऱ्यात, त्यांच्या पत्नी, पवार पतिपत्नी. खुर्च्या मांडल्या, चिवडा आला. मी यंत्र टीव्हीला जोडलं, कॅसेट खोचली, बटण दाबलं.

पडदा राखाडी झाला. नुसत्या मुंग्या.

मी बटण बंद करून पुन्हा लावलं. मुंग्या. काकी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा एवढा पांढरा पडला होता की मला वाटलं यांना चक्कर येते की काय.

“ऱ्हाऊ द्या वैनी,” हणमंतराव म्हणाले. आवाज खरंच मऊ होता. “जुनी वस्तू. आता एवढ्या वर्सांनी…”

“एक मिनिट,” मी म्हणालो. “खोडरबर आहे का घरात?”

मास्तरणीचं घर ते. पांढरं खोडरबर लगेच हातात आलं. कॅसेटच्या तोंडाशी तांब्याच्या पट्ट्या असतात, त्या काळवंडल्या की वीज पुढे जात नाही. आता हे मात्र मला खरोखरच माहीत होतं. मी एकेक पट्टी घासली, फुंकर मारली, कॅसेट पुन्हा खोचली.

पडद्यावर निळं मैदान आलं. त्यावर नऊ पांढऱ्या आडव्या पाट्या आणि मधून उभी गेलेली सूरपाटी. प्रत्येक पाटीवर हात पसरलेला एकेक गडी, तो डावीउजवीकडे सरकत होता. खाली एक छोटा माणूस उभा होता. दांडा हलवला की तो एका पायावर झुकायचा, उजवीकडे जातोय असं दाखवायचा आणि डावीकडनं सुटायचा.

हुलकावणी! चौकटीच्या कागदावरची हुलकावणी! मी सात कॅसेटी पाहिल्या होत्या, पण त्यातल्या एकाही माणसाला असं फसवता येत नव्हतं.

“आयला,” हणमंतराव म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून, “दादा असाच खेळायचा. असाच वाकायचा एका अंगाला. शाळंच्या मैदानावर. वैनी, बघा की, दादाच हाय ह्यो!”

काकी खाली बसल्या. पवारबाईंनी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. मग मी त्यांच्या हातात दांडा दिला. त्या पहिल्याच पाटीवर बाद झाल्या, पुन्हा बाद झाल्या, आणि तिसऱ्यांदा दोन पाट्या ओलांडून गेल्यावर लहान मुलीसारख्या ओरडल्या. नंतर दांडा हणमंतरावांनी घेतला तो सोडेचनात. चौथ्या पाटीवर त्यांचा माणूस दर वेळी मरायचा आणि ते दर वेळी म्हणायचे, “थांबा, आता कळलं.”

साडेसहाच्या गाडीनं मला निघायचं होतं. कॅसेट मागायचं धैर्य होत नव्हतं. काकीच म्हणाल्या, “तुमची वस्तू तुम्ही न्यायचीच आहे. पण भाऊजींची चौथी पाटी होऊ दे. महिन्याभरानं या.” म्हणजे यंत्रही तिथंच राहिलं. मी रिकामी पिशवी पाठीला लावली. वाईट मुळीच वाटलं नाही.

त्या मला स्टँडपर्यंत सोडायला आल्या. गाडी यायची होती. आम्ही शेडखाली बाकावर बसलो.

“वेलणकर,” त्या म्हणाल्या. साहेब गळालं होतं, ते मला आवडलं. “मघाशी विचारलंत ना, फोनवर का नाही बोलले.”

“हो.”

“मुद्दाम नाही बोलले.” त्या समोर बघत होत्या. “ह्यांनी मला तो खेळ कधीच दाखवला नव्हता. यंत्र कारखान्यात अडकलं, त्याला टाळं लागलं. वही दाखवायचे, चौकोन दाखवायचे. मी सगळ्यांना सांगत आले, ह्यांनी खेळ केलाय, आत आहे. भाऊजींशी भांडले त्यावरून. आणि माझ्या मनात… पुरा झालाच नसेल तर? नोकरी सोडली, म्हणून म्हणत असतील पुरा झाला. लाजेपायी माणूस म्हणतो की.”

मी रिकामी पिशवी मांडीवर घेतली.

“तुम्ही म्हणालात दहा दिवस ऊन द्या. मी म्हटलं, देवानं सुटका केली. रिकामी निघाली तर पुण्याच्या साहेबांच्या सांगण्यावरून गेली. मला खोटं पडायला नको, ह्यांनाही नको. गच्चीवर ठेवताना मी रोज टिकलीला नख लावून बघायचे. काढून टाकली तर प्रश्नच मिटतो. दहा दिवस. नाही काढवली. आणि नाही काढली तरी चालणार होतं. तुम्हाला कुठं ठाऊक होतं टिकलीचं? पाचला कोरी निघाली असती तर मी तुमच्याकडे बोट दाखवून मोकळी झाले असते.”

दुपारच्या जेवणातलं त्यांचं बोलणं मला आठवलं. सगळं त्यांच्या सांगण्याप्रमाणे केलंय.

“मग मी कबूलच करत होतो की, काकी. सगळ्यांसमोर सांगतो म्हणत होतो. तुम्हाला हवं ते आयतं मिळत होतं. तुम्ही टिकली दाखवलीत कशाला?”

“अहो, तुमचं तोंड बघवेना,” त्या म्हणाल्या. “स्वयंपाकघरात उभे होतात, माझ्या शाळेतल्या पोरांसारखे. म्हटलं, दुसऱ्याच्या गळ्यात हे घालून मी इथं कशी राहू? दाखवून टाकली. आणि मग पाचला पडद्यावर त्या मुंग्या आल्या, तेव्हा मला वाटलं, शालन, संपलं.”

तिकडून गाडी आली. माणसं उठली, पिशव्या उचलल्या. मी उठलो, त्या मात्र बसूनच राहिल्या. पदर तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते. रडतायत की हसतायत ते मला कळेना. मी वाकलो.

“खरंच केला होता हो त्यांनी,” त्या म्हणाल्या. हसत होत्या.